तीनशे बारा माणसांची ओळख

चिंतलटोला, मार्गे मुलचेरा
१७ जून १९८४

इंदु,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र चुलीत घालशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते: नागसेन माझ्याकडे आहे, खुशाल आहे. आता घालायचं तर घाल.

घातलं नसशील तर पुढचं वाच. त्याला बँकेत नोकरी लागली हे तुला माहीत आहे. नेमणूक ‘मुलचेऱ्याकडे कुठीतरी’ झाली, एवढंच त्यानं तुला सांगितलं असणार. ते कुठीतरी म्हणजे माझी पडवी. यात माझा हात नाही. बँकेला या गावात पक्क्या भिंतींची आणि कुलूप लागणारी एकच खोली सापडली, ती माझी निघाली. मी भाडं ठरवून कागदावर सही केली. आठ दिवसांनी बैलगाडीतून एक तिजोरी उतरली आणि तिच्यामागून मॅनेजर म्हणून तुझा मुलगा उतरला. दोघांनाही उतरवायला तेवढाच वेळ लागला.

तिजोरी दारातून आत जाईना. चार दिवस ती अंगणात चिंचेखाली होती आणि माझी खुडूक कोंबडी तिच्यावर बसून राहिली. शेवटी चौकट काढून तिला आत घेतली. नागसेन मात्र पहिल्याच दिवशी आत आला आणि खाटेवर आडवा झाला.

तू माझ्यावर का रागावलीस ते मी विसरलेले नाही. वरोऱ्याच्या मास्तरांनी आपल्या मुलीसाठी नागसेनची चौकशी करणारं पत्र मला पाठवलं. ‘मुलगा कसा आहे ते मोकळेपणाने कळवावे’ असं त्यात होतं. मी मोकळेपणाने कळवलं. ‘स्वभावाने सोनं आहे. सकाळी नऊच्या आत उठत नाही. कुणावर रागावत नाही, कारण त्यालाही कष्ट पडतात. नोकरी लागेल असं आज तरी वाटत नाही.’ सोयरीक मोडली. तू म्हणालीस, स्वतःचा संसार नाही म्हणून दुसऱ्याच्या संसाराला काडी लावलीस. पाच वर्षं झाली. भद्रावती इथून एका दिवसाच्या वाटेवर आहे, पण मी आले नाही आणि तू बोलावलं नाहीस.

बँकेचं नाव प्राणहिता ग्रामीण बँक. मुख्य कचेरी चंद्रपूरला. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्याच सुमारास निघाली, तेव्हा तीन शाखा होत्या. आमची पंधरावी. तिथल्या मोठ्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशात पेन्सिलीनं गोल काढून ठेवलेत म्हणे, आणि प्रत्येक गोलात एक शाखा बसवायची आहे. आमचा गोल कुणाच्या तरी चहाच्या कपाचा असावा असा नागसेनचा अंदाज आहे, कारण त्यात जंगलच जास्त येतं. वर्षभरात तीनशे खाती झाली तर शाखा राहील. नाही झाली तर तिजोरी परत बैलगाडीत. नागसेन प्रोबेशनवर आहे. शाखा उठली की तोही उठला.

तो आता आठला उठतो. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

अंजना


चिंतलटोला
२ सप्टेंबर १९८४

इंदु,

तुझं उत्तर नाही. नागसेनला विचारलं, आईचं पत्र येतं का? म्हणाला, ‘येते. तुह्यं नाव नसते त्याच्यात.’

आमची एकशे नव्वद खाती झाली. पहिलं माझंच. खातं उघडायला ओळख देणारा माणूस लागतो, आणि त्याचं आधीपासून त्या शाखेत खातं असावं लागतं. पहिल्या खात्याला तसं कुणीच नसतं, म्हणून माझी ओळख मॅनेजरच्या नात्यानं नागसेननं दिली. फॉर्मवर छापलेलं आहे, ‘खातेदारास किती काळापासून व कसे ओळखता ते लिहावे’. त्यानं लिहिलं, ‘मावशी’. एक शब्द. तुझा मुलगा शाईसुद्धा जपून वापरतो.

त्यानंतरच्या सगळ्यांची ओळख मी देते. दुसरं कोण देणार? एकतीस वर्षं या पंचवीस-तीस गावांत नर्स म्हणून फिरले. निम्म्या खातेदारांना त्यांच्या आईच्याही आधी मी पाहिलं आहे. शुक्रवारी बाजार भरतो, तेव्हा माणसं पडवीत येतात आणि मॅनेजरकडे न बघता मलाच विचारतात, ‘बाई, तू मले ओळखतेस नं? मंग लिहून दे त्याले.’

मी लिहून देते. प्रश्न विचारला असेल तर त्याचं उत्तर पूर्ण वाक्यात आणि पूर्ण खरं द्यायचं, हे मिशनच्या वसतिगृहात सिस्टर क्लेअरनं आपल्या दोघींनाही शिकवलं होतं. मिशनच्या कंपाउंडरच्या मुली म्हणून आपल्याला फी माफ होती, म्हणून मला वाटायचं निदान उत्तरं तरी पूर्ण द्यावीत. तुझ्या उशीखाली चिंचा कुणी ठेवल्या असं तिनं विचारलं तेव्हाही मी पूर्ण वाक्यात सांगितलं होतं. तीन रविवार तुझा खाऊ बंद होता. मी माझ्यातला अर्धा तुला द्यायची आणि तू तो माझ्याकडे पाठ करून खायचीस. ती पाठ मला अजून दिसते.

तर मी फॉर्मवर असं लिहिते:

‘खाते क्र. ९, रुखमाबाई. अठ्ठावीस वर्षांपासून. शेजारीण. बोलते फार, पण उसनं नेलेलं पीठ सपाट मापानं नेते आणि शीग लावून परत करते.’

‘खाते क्र. ४०, देवराव. वीस वर्षांपासून. बैलानं पाडलं तेव्हा हात मी बांधला. थोडा वाकडा बसला. ती चूक माझी.’

‘खाते क्र. ५८, निताई मंडल. निर्वासितांचा बंगाली कॅम्प बसला तेव्हापासून. पहिल्याच वर्षी गोवराची साथ आली. धाकटी मुलगी माझ्या मांडीवर गेली. त्यानंतर दर संक्रांतीला माझ्याकडे गूळ आणून देतो.’

‘खाते क्र. ७३, झिंगू. जन्मापासून. जन्मला तेव्हा माझं बोट धरलं ते सोडेना. अजूनही हातात आलेलं काही सोडत नाही, म्हणून खात्यात पैसे राहतील.’

नागसेन वाचतो आणि कपाळाला हात लावतो. ‘मावशी, एवढं नाई लिहा लागत. ओळखते म्हण अन् सही कर.’

‘त्यांनी विचारलंय ना, कसे ओळखता?’

‘त्याहिले विचाराले काय जाते.’

पण मला अडवत नाही. मॅनेजरनं प्रत्येक खातेदाराच्या घरी जाऊन खात्री करावी असा नियम आहे, त्यासाठी बँकेनं सायकल दिली आहे. ती सायकल अजून कागदात गुंडाळलेली आहे. मी विचारलं तर म्हणाला, ‘तू जनमापासून ओळखतेस त्याहिले. मी आता जाऊन काय नवं पाहू?’ त्याचं म्हणणं मला पटलं. तुला पटणार नाही.

अंजना


चिंतलटोला
१३ जानेवारी १९८५

इंदु,

नागसेन मजेत आहे. थंडी बरी पडली आहे. धान चांगला झाला. तीनशे बारा खाती झाली, म्हणजे वर्षाचं काम सात महिन्यांत. बँकेच्या आता बावीस शाखा आहेत आणि आमच्या शाखेचं नाव चंद्रपूरच्या कचेरीत सगळ्यांना माहीत झालं आहे.

इथपर्यंत लिहून मी पत्र दोन दिवस ठेवून दिलं. एवढंच पाठवावं असं वाटत होतं. पण नाव का माहीत झालं ते लिहिलं नाही तर ते खोटंच होईल.

मुख्य कचेरीतून नागसेनला पत्र आलं. ‘आपल्या शाखेतील ३१२ पैकी ३११ खातेदारांची ओळख एकाच व्यक्तीने दिलेली असून ओळखीच्या रकान्यात बँकेच्या कामकाजाशी संबंध नसलेला मजकूर आढळतो. सदर खातेदार प्रत्यक्षात अस्तित्वात आहेत काय, याची तपासणी करण्यात येईल.’ थोडक्यात, उद्दिष्ट गाठण्यासाठी माणसं मनानं रचली आणि त्यांना विंचू चावल्याच्या, हात मोडल्याच्या गोष्टी जोडल्या, असं त्यांना वाटतं. मी फॉर्मवर नुसतं ‘ओळखते’ लिहिलं असतं तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं.

पुढच्या महिन्यात गिरडकर नावाचे साहेब येणार आहेत. त्यांनी याआधी दोन शाखा बंद केल्या आहेत आणि एका मॅनेजरला घरी पाठवलं आहे. त्यांना खाती खोटी वाटली तर नागसेनची नोकरी जाईल.

म्हणजे मी दुसऱ्यांदा त्याच्याबद्दल खरं लिहिलं आणि दुसऱ्यांदा त्याचं नुकसान झालं. या वेळी तर त्याच्याबद्दल लिहिलंही नव्हतं.

मी त्याला म्हटलं, ‘मी साहेबांना सांगते, सगळी चूक माझी.’

तो म्हणाला, ‘तू काई सांगू नको मावशी. तू सांगतेस ना, तवा सारंच सांगतेस.’

गेल्या आठवड्यात त्यानं सायकलवरचा कागद काढला. रोज दोन गावं करतो आहे. परवा लगाम गावाच्या वाटेवर पडला आणि गुडघा सोलून आला. आयोडिन लावताना लहानपणी रडायचा तसाच तोंड वाकडं करून बसला होता. इंदु, त्याची नोकरी गेली तर तुला तोंड दाखवायची मला सोय राहणार नाही. तशी आजही नाही, पण थोडी आशा आहे.

अंजना


चिंतलटोला
१६ फेब्रुवारी १९८५

इंदु,

तुझं कार्ड मिळालं. ‘नागसेनची नोकरी राहते की जाते एवढंच कळव. बाकी लिहू नको.’ पाच वर्षांतलं तुझं पहिलं अक्षर. दोन ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

एवढंच कळवते: अजून माहीत नाही. आता बाकी.

काल शुक्रवार, बाजाराचा दिवस. गिरडकर साहेब जीपनं आले. आष्टीपासूनचा रस्ता तुला माहीत आहे. जीपमधून उतरताना त्यांनी एक हात कमरेवर ठेवला होता. मी ते पाहिलं, पण एवढ्या मोठ्या साहेबाला पाठीचं कसं विचारायचं, म्हणून गप्प राहिले.

उंच, कडक इस्त्रीचा माणूस. चहा घेतला नाही. मला समोर बसवून म्हणाले, ‘बाई, एक माणूस तीनशे बारा माणसांना ओळखतो?’

‘जास्त ओळखतो साहेब. उरलेल्यांनी अजून खातं काढलं नाही.’

नागसेननं डोळे मिटले.

साहेबांची पद्धत अशी. फाइल मांडीवर, फॉर्मवर तळहात झाकलेला. बँकेचा शिपाई चैतू, चांगला पन्नाशीचा माणूस, बाजारातून तो खातेदार धरून आणणार, आणि मी तो कोण ते सांगायचं. पहिली बायनाबाई आली. मी सांगितलं, ‘ही बायनाबाई. हिला एकोणसत्तर साली विंचू चावला होता, उजव्या घोट्यावर.’

साहेबांनी तिला विचारलं, ‘तुम्हाला कधी विंचू चावला होता का?’

बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. ‘बाई, माह्या पायाचं तू चंद्रपूरपावेतो सांगून राह्यली का?’

मग देवराव. साहेबांनी फॉर्म वाचून त्याला हात पुढे करायला सांगितला. हात वाकडाच होता. साहेबांनी टिपून घेतलं. देवराव जाईना. ‘साहेब, त्या कागदावर काय हाय?’ साहेबांनी वाचून दाखवलं, ‘थोडा वाकडा बसला. ती चूक माझी.’

देवराव माझ्याकडे वळला. ‘तुह्यी चूक होती? मी वीस वर्सं बैलाले शिव्या देऊन राह्यलो.’

बाजारात ही बातमी पसरली. आपल्याबद्दल बाईनं काय लिहिलं ते ऐकायला माणसं भाजी टाकून पडवीत जमली. चैतूला बोलवायला जावं लागेना, उलट रांग आवरावी लागत होती. झिंगूनं आपलं वाचून घेतलं आणि ‘अजून एक डाव वाचा’ म्हणाला. निताई मंडलचा फॉर्म साहेबांनी मोठ्यानं वाचायला घेतला, गोवरापाशी थांबले आणि पुढचं मनात वाचलं. निताई म्हणाला, ‘ठीक लिखा है दीदी ने.’ मग साहेबांनी पाणी मागितलं.

सात झाले. सातही बरोबर. नागसेनच्या चेहऱ्यावर रंग आला होता. आठवा माणूस आला तो टक्कल केलेला, गालफडं बसलेला, डोळे खोल गेलेले. मी पाहिलं, पुन्हा पाहिलं. एकतीस वर्षांतलं काहीच समोर येईना.

‘कोण आहे हा?’

मी काहीतरी नाव सांगू शकले असते. नागसेन माझ्याकडे बघत होता. तीनशे बारांत एक चुकला तर काय होतं, असंही मनात आलं. पण मी म्हटलं, ‘साहेब, याला मी ओळखत नाही.’

नागसेनच्या हातातला पेन खाली पडला. साहेब सकाळपासून पहिल्यांदा हसले. ‘ओळखत नाही. आणि याच्या फॉर्मवर सही मात्र आपली आहे.’ असं म्हणून ते फाइल खाली ठेवायला वाकले आणि तसेच राहिले.

उसण भरली होती, इंदु. माणूस काटकोनात अडकला. चैतू आणि नागसेननं त्यांना उचलून बाकावर पालथं घातलं. मी चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून पाठीवर ठेवली, थोडं आयोडेक्स चोळलं आणि सांगितलं, पंधरा मिनिटं हलू नका. पण तेवढ्यात खिडकीतून रुखमाबाई म्हणाली, ‘शेकून काय होते? पायाळू मानूस पाहा. पाय लावला का उसन गेली.’

मी म्हटलं, ‘रुखमा, असलं काही नसतं. पायांकडून जन्मलेला माणूस म्हणजे डॉक्टर नव्हे.’

बाकावरून साहेबांचा बारीक आवाज आला. ‘आहे का कोणी?’

तो टक्कल केलेला माणूस इतका वेळ कोपऱ्यात उभा होता. म्हणाला, ‘मी हावो साहेब पायाळू.’

मी अडवलं नाही. त्यानं चप्पल काढली, पाय धोतराला पुसला आणि साहेबांच्या कमरेवर हळूच टेकवला. डावा पाय. त्याची दोन बोटं एकमेकांना जुळलेली होती.

‘पत्रू,’ मी म्हटलं. ‘अरे, तू सोमारीचा पत्रू.’

‘हाव बाई.’

‘तुझे केस कुठे गेले?’

‘टायफाड झाला होता. दोन मयने अहेरीच्या दवाखान्यात होतो.’

‘मग मघाशी बोलला का नाहीस?’

‘मले कोनं इचारलं? साहेब तुले इचारून राह्यले होते.’

ऑक्टोबरात खांद्यापर्यंत केस आणि ओठभर मिशा घेऊन आलेला पोरगा. मी नर्स असून माणूस तापानं इतका बदलतो हे विसरले. मला रडू आलं, ते साहेबांमुळे आहे असं सगळ्यांना वाटलं.

साहेब पालथेच म्हणाले, ‘मॅनेजर, फॉर्म वाचा.’

नागसेननं वाचला. ‘खाते क्रमांक दोनशे अकरा. जन्मापासून. पायाळू. आईनं चौदा तास काढले. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. मी आधी पाय पाहिले, चेहरा मागून. बाळ रडेना तेव्हा तळव्यावर टिचकी मारली. पाय कुठेही ओळखेन.’

पंधरा मिनिटं भरली तशी मी वीट उचलली. मग साहेब बाकाला धरून उठले, हळूच सरळ झाले, एकदा डावीकडे वाकून पाहिलं, एकदा उजवीकडे. ‘गेली,’ म्हणाले. पडवीत सगळ्यांनी ‘गेली, गेली’ केलं. पत्रूनं चप्पल घातली.

वीट पंधरा मिनिटं पाठीवर होती, हे मी बोलले नाही. साहेब पत्रूचा हात धरून उभे होते, नागसेन त्या दोघांकडे आशेनं बघत होता, आणि मी गरम वीट फडक्यात धरून गप्प राहिले. सिस्टर क्लेअर असती तर काय म्हणाली असती ते तुला माहीत आहे. कुणाला तरी सांगायला हवं म्हणून तुला सांगते आहे.

साहेब काही न सांगता गेले. जाताना चहा मात्र घेतला.

अंजना


चिंतलटोला
२९ मार्च १९८५

इंदु,

राहिली. नोकरी राहिली.

कचेरीचं पत्र आलं. ‘खातेदार प्रत्यक्षात अस्तित्वात असल्याची खात्री झाली.’ शाखा कायम झाली आणि नागसेनही कायम झाला. त्याखाली एक सूचना आहे: यापुढे ओळखीचा रकाना पाच शब्दांत भरावा. नागसेननं ती माझ्या समोरच्या भिंतीवर चिकटवली आहे.

एक भानगड मात्र झाली. गिरडकर साहेबांनी पाठीची हकिकत कचेरीत सांगितली असणार. महिन्याभरात आमच्या शाखेला चार साहेबांनी भेटी दिल्या. एक ठेवींच्या चौकशीला आले, एक फर्निचर पाहायला आले, एक सिरोंच्याला जाताना सहज वळले, आणि चौथ्यांनी कारण सांगितलंच नाही. तीस वर्षं चंद्रपूरचा साहेब या गावाला दिसला नव्हता. सगळे दोन-चार कागद चाळतात आणि मग नागसेनला विचारतात, ‘ते खाते क्रमांक दोनशे अकरा आज येणार आहेत का?’ मी आधी विटेचा शेक देते. पत्रू पाय लावतो. येणारा प्रत्येकजण लाजेपोटी शाखेत काहीतरी ठेव ठेवून जातो. बावीस शाखांत ठेवींमध्ये आमचा नंबर सहावा लागला आहे, आणि याचं श्रेय मोठे साहेब मॅनेजरच्या मेहनतीला देतात.

पत्रू वैतागला आहे. म्हणतो, ‘बाई, मोहाचे दिवस हायेत, मले फुलं वेचाले जावं लागते. साहेब लोकाहिले सांग का येकाच दिवशी या.’

मी काल जेवताना नागसेनला म्हटलं, आता तुझ्या आईला लिहिते की एकदा बिघडवलं ते खरं, पण दुसऱ्यांदा तरी माझ्या हातून तुझं वाईट झालं नाही. त्यानं घास खाली ठेवला आणि मला एक गोष्ट सांगितली. ती मी या पत्रात लिहिणार नाही. लिहू नको असं तोही म्हणतो. पाच वर्षं मी जे ओझं घेऊन फिरले ते काय होतं, हे मला काल कळलं, आणि मी त्याच्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही.

अंजना


भद्रावती, एस.टी. स्टँड
१३ एप्रिल १९८५, दुपारी पावणेदोन

इंदु,

हे पत्र तुझ्या हातात नागसेननं दिलं आहे. तो दारात उभा असेल. वाचून होईपर्यंत त्याला आत घेऊ नकोस.

त्यानं मला सांगितलं ते असं. वरोऱ्याचे मास्तर पाच वर्षांपूर्वी थेट त्याच्याकडेच आले होते. ‘तुमच्या घरची माहिती कुणाला विचारावी?’ असं त्यांनी विचारलं. तो तेव्हा बेकार होता. लग्न नको होतं, आणि तुला नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून त्यानं माझा पत्ता लिहून दिला.

मी म्हटलं, ‘माझाच का?’

‘मले माहीत होतं मावशी. तुले खोटं लिहिता येत नाई.’

‘आणि पाच वर्षं तू गप्प बसलास? आम्ही दोघी बोलत नाही हे पाहत होतास?’

‘रोज वाटे का आज सांगू. मग वाटे, उद्या सांगू.’

आळस, इंदु. तो काय काय करू शकतो पाहा. मी त्या मास्तरांना लिहिलं होतं की याला रागवायलाही कष्ट पडतात. खरं सांगायलाही पडतात, हे मला ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. परवा तोच रजेचा अर्ज करून आला. म्हणाला, ‘आईले मीच सांगतो. पण तू लिहून दे. मी सांगाले लागलो का अर्ध्यातच थांबतो.’ म्हणून हे लिहून दिलं. पाकीट बंद केलेलं नाही. वाटेत त्यानं वाचलं असेल तर बरंच आहे, त्यात त्याच्या बाजूचंही लिहिते: गेल्या तीन महिन्यांत त्यानं सायकलवर अठ्ठावीस गावं केली, सगळ्या खातेदारांची घरं पाहिली, आणि आता बाजारात माणसं मला नव्हे, त्यालाच नावानं हाक मारतात. सकाळी सहाला उठतो. आजची सहाची गाडी त्यानंच मला उठवून धरली.

त्याला फार बोलू नकोस. थोडं बोल. सकाळपासून नुसत्या चहावर आहे.

आणि माझं. सोयरीक मोडली तो त्याचा डाव होता, पण पत्र माझंच होतं. ‘स्वभावाने सोनं आहे’ एवढं लिहून मी थांबले असते तरी ते खरंच राहिलं असतं. पुढचं न लिहिण्याची अक्कल मला छप्पन्नाव्या वर्षी एका विटेनं दिली. सोयरीक मोडली त्या दिवशीच्या तुझ्या चेहऱ्याबद्दल मला माफी मागायची आहे, आणि ती पत्रात नीट मागता येत नाही.

मी इथे स्टँडवर, पाणपोईशेजारच्या बाकावर बसले आहे. तुझ्या कॉलनीपर्यंत आले नाही, कारण बोलावल्याशिवाय यायचं नाही असं तू म्हणाली होतीस. उद्या चौदा एप्रिल, तुझ्याकडे पाहुणे असतील, स्वयंपाकाची घाई असेल, तेही समजते. त्यामुळे नागसेनला माझ्याकडे परत पाठवायचं, का त्याच्या हाती निरोप द्यायचा, का काहीच करायचं नाही, ते तू तुझ्या सवडीनं ठरव.

चंद्रपूरच्या गाड्या तासाला एक आहेत. शेवटची रात्री आठला सुटते. मी कंट्रोलरला दोनदा विचारून घेतलं आहे, आणि मी तिच्याआधीच्या एकीतही बसणार नाही.

अंजना